सुखवस्तू घरातलं तरुण पात्र बदलतं, ते प्रेक्षकाला पटतं कधी?

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रं एकाच विषयावरची आहेत: सगळं आयतं मिळालेल्या घरातला मुलगा किंवा मुलगी नाटकाच्या ओघात जागी होते, स्वतःपलीकडे पाहू लागते, हे कसं लिहायचं, कसं करायचं, कसं वाचायचं. उत्तरांत जे. बी. प्रीस्टली यांच्या 'ॲन इन्स्पेक्टर कॉल्स'चा उल्लेख पुन्हा पुन्हा येईल, म्हणून त्याची गोष्ट आधीच सांगून ठेवतो. इंग्लंडमधलं ब्रमली नावाचं काल्पनिक औद्योगिक शहर, साल १९१२. कारखानदार आर्थर बर्लिंग यांच्या घरी मुलगी शीला हिच्या साखरपुड्याचं जेवण नुकतंच आटोपलंय. गूल नावाचा इन्स्पेक्टर येतो आणि सांगतो की ईव्हा स्मिथ या मुलीनं जंतुनाशक पिऊन जीव दिला. मग एकेकाचा तिच्याशी असलेला संबंध बाहेर पडतो. बापानं तिला संपानंतर कामावरून काढलं. शीलानं तिची दुकानातली नोकरी घालवली. शीलाचा वाग्दत्त वर जेराल्ड यानं तिला काही दिवस सांभाळलं आणि सोडून दिलं. भाऊ एरिकपासून तिला दिवस गेले. आईनं तिला धर्मादाय संस्थेची मदत नाकारली. हा इन्स्पेक्टर खरा पोलीस नव्हताच, असं शेवटी उघड होतं. नाटकाचा पहिला प्रयोग १९४५ मध्ये सोव्हिएत युनियनमध्ये झाला, लंडनमधला १९४६ मध्ये.

प्रश्न: मी दोन अंकी नाटक लिहितोय. नायिका उद्योगपतीची मुलगी. पहिल्या अंकात बेफिकीर, दुसऱ्यात कामगारांच्या बाजूनं उभी राहते. वाचन झालं तेव्हा सगळे म्हणाले, "ही एकदम कशी बदलली?" मधे तीन प्रवेश वाढवले, तरी तेच. काय चुकतंय?

दुसऱ्या अंकात प्रवेश वाढवून हे सुटणार नाही, कारण अडचण पहिल्या अंकात आहे. तुमच्या नायिकेनं दुःख पाहिलं, ऐकलं, ती हळहळली, पण त्या दुःखात तिचा स्वतःचा हात कुठे आहे? नुसतं पाहून आलेली कणव माणसाला बदलायला पुरत नाही. दुसऱ्या दिवशी ती ओसरते, आणि प्रेक्षकाला हे स्वतःच्या अनुभवानं माहीत असतं. म्हणून त्याला ते पटत नाही.

शीलाच्या बाबतीत प्रीस्टली यांनी या दोन पायऱ्या वेगळ्या ठेवल्या आहेत. बापानं ईव्हाला काढल्याचं कळतं तेव्हाच ती बोलते की या मुली म्हणजे फक्त स्वस्तातली मजुरी नाही, माणसं आहेत. वाक्य चांगलं आहे, मनापासूनचं आहे, पण फुकटचं आहे. ते बोलून तिचं काहीच जात नाही. त्यानंतर इन्स्पेक्टर तिला फोटो दाखवतो. ती ओळखते, हुंदका दाबते आणि खोलीबाहेर पळते. परत येऊन ती जे सांगते ते असं: मिलवर्ड्स या कपड्यांच्या दुकानात तिनं एक ड्रेस घालून पाहिला. आईनं नको म्हटलं होतं, दुकानातल्या बाईंचंही मत विरुद्ध होतं, आणि घातल्यावर तिला स्वतःलाच कळलं की तो आपल्याला शोभत नाही. तोच ड्रेस ईव्हानं नुसता अंगाला लावून धरला तेव्हा तिला तो खुलून दिसला. मग शीलानं आरशात ईव्हाला हसताना पाहिलं. ती भडकली, व्यवस्थापकाकडे गेली आणि म्हणाली, हिला काढा, नाहीतर आमच्या घरचं खातं बंद करायला लावते.

या कृतीची घडण नीट पाहा. कृती छोटी आहे, दोन मिनिटांची. तिच्यामागचं कारण क्षुल्लक आणि अगदी माणसासारखं आहे: स्वतःवरचा राग दुसऱ्यावर काढणं. त्यासाठी वापरलेली सत्ता तिनं कमावलेली नाही आणि ती सत्ता आहे हे तिच्या ध्यानातही नाही, दुकानातलं खातं घरचं आहे, ते बंद करायचं तर आईलाच सांगावं लागणार. आणि परिणाम पाहायला ती थांबलेली नाही. तुमच्या नायिकेला अशी एक कृती द्या. चाबूक मारणं, गाडीखाली कुणाला चिरडणं असलं काही नको. एवढा मोठा गुन्हा केला की प्रेक्षक तिच्यापासून तुटतो आणि "मी नाही बाबा असा" म्हणत निवांत बसतो. ड्रेसच्या दुकानातली चिडचिड मात्र प्रत्येकानं कुठे ना कुठे केलेली असते.

लिहायला बसाल तेव्हा या क्रमानं जा. पहिल्या अंकाच्या सुरुवातीला तिच्यासाठी न मागता कुणीतरी करतं अशा तीन गोष्टी रंगमंचावर घडू द्या, त्यांवर संवाद नको. त्यांतली एक पुढे बिघडते. ती तक्रार करते. तक्रार तिची असल्यामुळे लगेच ऐकली जाते. कुणाचं तरी काहीतरी जातं, आणि ती दुसऱ्या विषयाकडे वळते. इथे अंक तिच्यावर थांबवू नका, पुढे जाऊ द्या. मग बऱ्याच वेळानं त्या घटनेचा पुरावा वस्तूच्या रूपात तिच्या हातात येऊ द्या: फोटो, हजेरीचं पुस्तक, पत्र, काहीही, पण हातात धरता येईल असं. पुरावा दिसल्यावर ती आधी नाकारेल किंवा कारणं देईल, मग शरमेल, मग कबूल करेल, मग दुसऱ्याला थांबवायला जाईल आणि शेवटी किंमत मोजेल. हे सगळे टप्पे घेतलेच पाहिजेत असं नाही, शीला नाकारण्यात वेळ घालवत नाही. पण शरमेचा टप्पा गाळून थेट भाषणावर गेलात तर "एकदम कशी बदलली" हे तुम्हाला पुन्हा ऐकायला मिळेल. तुमच्या वाढवलेल्या तीन प्रवेशांत बहुधा भाषणाच्याच तीन आवृत्त्या आहेत.

जमलं तर एक आकडा द्या. ईव्हा आणि तिच्या सोबतिणी आठवड्याला साडेबावीस शिलिंग मिळवत होत्या, त्यांनी पंचवीस मागितले. अडीच शिलिंगांचा फरक. बापाच्या तोंडी तो धंद्याचा हिशेब आहे, प्रेक्षकाच्या डोक्यात तो शेवटपर्यंत टोचत राहतो. "तुटपुंजा पगार" या शब्दांनी ते काम होत नाही.

प्रश्न: शीला पहिल्या अंकातच बदलली असं मला वाटतं. आमच्या शिक्षकांचं म्हणणं की बदल तिसऱ्या अंकात सिद्ध होतो. परीक्षेत कोणता मुद्दा मांडू? पुरावे कोणते?

बदल पहिल्या अंकात सुरू होतो आणि त्याची परीक्षा तिसऱ्यात होते. दोन्ही मांडा, पण वजन तिसऱ्याला द्या. इन्स्पेक्टर तोतया होता हे कळतं, जेराल्ड दवाखान्यात फोन करून विचारतो आणि तिथे कुणीही आत्महत्या केलेली मुलगी आलेली नाही असं उत्तर मिळतं. म्हणजे सुटकेचं दार उघडलं. आई, बाप, जेराल्ड तिघेही हुश्श करतात आणि आपापल्या जागी परत जातात. शीला जात नाही. तिचा युक्तिवाद साधा आहे: आपण जे केलं ते तर केलंच ना. एरिक तिच्या बाजूनं उभा राहतो. मग जेराल्ड अंगठी पुन्हा पुढे करतो आणि ती घेत नाही, विचार करायला वेळ हवा म्हणते. भीतीनं बदललेला माणूस भीती गेल्यावर पूर्ववत होतो. धाक संपल्यानंतरही शीला तिथेच उभी आहे, हा तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा.

त्याला जोड म्हणून: पहिल्या प्रवेशाच्या रंगसूचनेत ती विशीतली, आयुष्यावर खूश आणि उत्साहात असल्याचं लिहिलंय. तेव्हा ती आईबापांना लाडानं हाक मारते, नंतर तो लाड ओसरतो. दुसऱ्या अंकात ती आईला बजावते की आपल्यात आणि त्या मुलीत भिंत उभी करू नकोस, म्हणजे आई कुठे चाललीय हे तिला आईच्या आधी दिसतं. प्रकाशाबद्दलची सूचनाही वापरा: इन्स्पेक्टर येईपर्यंत गुलाबी, जवळिकीचा प्रकाश, तो आल्यावर जास्त उजळ आणि कठोर.

एक चूक टाळा. "शीला समाजकार्यकर्ती होते" असं काही लिहू नका. नाटक एका संध्याकाळीच संपतं, त्या खोलीबाहेर तिनं काय केलं हे कुणालाच माहीत नाही. तिनं काय करायचं नाकारलं एवढंच आपल्यासमोर आहे. एरिकवर लिहाल तेव्हा हेही लक्षात ठेवा की त्याचा अपराध तिच्यापेक्षा कितीतरी जड आहे. ईव्हाला देण्यासाठी त्यानं बापाच्या ऑफिसातून सुमारे पन्नास पौंड चोरले, म्हणजे जबाबदारी घेण्याचा त्याचा प्रयत्नसुद्धा दुसऱ्याच्या पैशानं झाला. त्या घरातल्या मुलाला दुसरा मार्ग ठाऊकच नव्हता. या मुद्द्यावर एक परिच्छेद खर्च केलात तर फुकट जाणार नाही.

प्रश्न: अशीच एक भूमिका करतेय. दिग्दर्शक म्हणतात, "तू पहिल्या प्रवेशापासूनच शहाणी दिसतेस." मग मी अवखळपणा वाढवला तर म्हणतात, "आता खोटी वाटतेस." नेमकं काय करू?

तुम्हाला शेवट माहीत आहे आणि तो तुमच्या चेहऱ्यावर आधीपासून आहे. त्यावर अवखळपणाचा थर चढवला की दोन्ही खोटं दिसणारच. पहिल्या अंकातली ही मुलगी वाईट नाही, लाडावलेलं कार्टंही नाही. ती सुखी आहे, आणि तिचं सुख खरं आहे. ते सुख तुम्ही मनापासून उपभोगा. प्रेक्षकाला ती आवडली पाहिजे, तिच्या साखरपुड्याचा आनंद त्यालाही झाला पाहिजे.

विशेषाधिकार नजरेतून दाखवा. कुणी हातात ग्लास दिला तर तो घ्या, पण देणाऱ्या हाताकडे पाहू नका. शाल खांद्यावरून सरकली तर उचलायला वाकू नका, कुणीतरी उचलेलच. यात तोरा अजिबात नको, हे श्वास घेण्याइतकं सहज झालं पाहिजे. तिसऱ्या अंकात तोच ग्लास घेताना डोळे त्या हातापाशी जातील. एवढा एक बदल तिसऱ्या रांगेपर्यंत पोचतो. मोठं नाट्यगृह असेल तर डोळ्यांबरोबर मानही वळू द्या, नाहीतर मागच्यांना काहीच कळणार नाही.

आवाजाचं असं: सुरुवातीला ती प्रश्न विचारते आणि उत्तराची वाट पाहत नाही, कारण उत्तर तिच्या मनासारखंच येणार असतं. नंतर ती थांबायला लागते. हे पॉज कुठे यायचे ते संहितेत पेन्सिलीनं खुणा करून ठरवा. ऐन वेळच्या भावनेवर सोडलेत तर प्रत्येक प्रयोगात ते लांबत जातील.

तालमीसाठी दोन गोष्टी सुचवतो. एका दिवशी तिसरा अंक आधी आणि लगेच पहिला अंक करा, मध्ये विश्रांती न घेता. पहिल्या अंकात तुम्ही काय काय जास्तीचं घेऊन येताय ते अंगालाच जाणवेल. दुसरं, ज्या प्रवेशात तुम्ही बदलता तो एकदा तुमची सगळी वाक्यं गाळून करा. बाकीच्यांनी आपापली वाक्यं म्हणायची, तुम्ही फक्त ऐकायचं आणि हालायचं. या भूमिकेचं निम्मं काम ऐकण्यात आहे. शीला दुसऱ्या अंकात जाऊ शकत असताना खोलीत थांबते आणि जेराल्डची हकिकत शेवटपर्यंत ऐकते, ते उगाच नाही.

रडणं एकाच जागी ठेवा. दोनदा रडलात की दुसऱ्या वेळेला प्रेक्षक तुमच्या अश्रूंकडे पाहतो, मेलेली मुलगी बाजूला राहते. आणि पुरावा हातात येतो तेव्हा घाई करू नका: आधी नजर त्यावर जाऊ द्या, ती तिथे टिकू द्या, मग ओळख पटू द्या, आणि श्वास त्यानंतर. बहुतेक नटी श्वास आधीच ओढून ठेवतात, त्यामुळे काय दिसणार हे प्रेक्षकाला त्यांच्याआधी कळतं.

प्रश्न: शेवटच्या प्रवेशात नायिकेला साधी, फिकट सुती साडी नेसवावी का?

नको. कपडे बदलणं सोपं असतं आणि ते बदलायलाही पैसे लागतात. तीच भारी साडी राहू द्या. तिच्या अंगावर ती आता कशी बसते, हे नटीला करू द्या.

प्रश्न: आमच्या एकांकिकेत घरकाम करणारी मुलगी मरते आणि घरातल्या मुलाचे डोळे उघडतात. परीक्षकांनी लिहिलं की "गरीब पात्राचा बळी नायकाला चांगलं बनवण्यासाठी दिला आहे." हा आक्षेप रास्त आहे का? विषयच तसा असेल तर दुसरं काय करणार?

आक्षेप रास्त आहे, आणि या प्रकारच्या नाटकांत सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक हीच आहे. मेलेलं माणूस उलट बोलत नाही, म्हणून ते लेखकाला सोयीचं पडतं. 'ॲन इन्स्पेक्टर कॉल्स'वरही हा आक्षेप घेता येतो, ईव्हा स्मिथ रंगमंचावर येतच नाही. पण तिथे निदान संप करणारी, चोरीचा पैसा आहे असं लक्षात आल्यावर तो नाकारणारी, अशी एक स्वतःची बाजू असलेली व्यक्ती दुसऱ्यांच्या बोलण्यातून उभी राहते. शिवाय एडना ही मोलकरीण रंगमंचावर ये-जा करत असते. तिला वाक्यं जेमतेम आहेत, पण चांगला दिग्दर्शक तिला नुसतं दार उघडायला ठेवत नाही.

तुमच्या मुलीला जिवंत ठेवून पाहा. तिला अशी एक इच्छा द्या जिचा त्या मुलाशी काही संबंध नाही. अॅथल फ्युगार्ड यांच्या 'मास्टर हॅरोल्ड अँड द बॉइज'मध्ये (१९८२) हे कसं साधलंय ते वाचा. काळ १९५०, ठिकाण दक्षिण आफ्रिकेतल्या पोर्ट एलिझाबेथमधली एक टीरूम. सतरा वर्षांचा गोरा मुलगा हॅली आणि त्याच्या आईच्या त्या टीरूममध्ये काम करणारे दोन काळे पुरुष, सॅम आणि विली. हॅलीचं घर काही श्रीमंत नाही, पण कायद्यानं तो वरचा आहे. पडदा वर जातो तेव्हा सॅम आणि विली बॉलरूम नृत्याच्या स्पर्धेची तयारी करत असतात. त्यांचं जग हॅली येण्याआधीच सुरू झालेलं आहे, आणि तो गेल्यावरही ते चालूच राहतं. शेवटचा नाच त्या दोघांचाच आहे.

त्यातला पतंगाचा धागा तर संहितेत खुणा करून अभ्यासावा असा आहे. लहानपणी सॅमनं हॅलीला पतंग बनवून दिला, उडवायला शिकवलं, आणि मग त्याला बाकावर एकटं बसवून तो निघून गेला. हॅलीच्या आठवणीत ही सुखाची गोष्ट आहे. तू का गेलास, हे त्याला कधी नीट कळलेलं नसतं. खूप उशिरा, हॅलीनं सॅमच्या तोंडावर थुंकल्यानंतर, सॅम सांगतो की तो बाक फक्त गोऱ्यांसाठी होता. एवढं एकच कारण. म्हणजे हॅलीच्या सगळ्यात गोड आठवणीतसुद्धा ती व्यवस्था बसलेली होती आणि ती त्याला दिसली नाही, कारण त्याला दिसायची गरज पडली नाही. सॅम त्याला मार्ग दाखवतो, पण ओढून नेत नाही. हॅली बदलत नाही, निदान त्या दिवशी तरी नाही. तो घरी निघून जातो.

तुमच्या एकांकिकेत करता येईल असं: त्या मुलीला एक नकार द्या. मुलगा माफी मागायला येतो, आणि ती माफ करत नाही, किंवा तिला त्या वेळी माफीपेक्षा थकलेला पगार हवा असतो. मुलानं पुढचं सगळं त्या नकारासकट करायचं. तिचं एक वाक्य तरी असं असू द्या जे काढलं तर मुलाच्या गोष्टीत काहीच फरक पडत नाही, पण तिच्या गोष्टीत पडतो.

प्रश्न: मोठमोठे विचार बोलणारं पण जवळच्या माणसाकडे न पाहणारं पात्र लिहायचंय. उपहास नको आहे. कुठे वाचायला मिळेल?

रशियन नाटककार चेखव यांचं 'द चेरी ऑर्चर्ड', १९०४. सतरा वर्षांची आन्या जमीनदार घरातली. दुसऱ्या अंकात त्रोफिमोव्ह हा विद्यार्थी तिला सांगतो की तुझ्या पूर्वजांनी जिवंत माणसं मालकीची म्हणून बाळगली, या बागेच्या प्रत्येक झाडाआडून ती तुझ्याकडे पाहताहेत. आन्या खरोखर हलते, बाग तिला आधीसारखी प्रिय राहत नाही. आता चौथा अंक उघडा. घर रिकामं होतंय. म्हातारा नोकर फिर्स आजारी आहे. आन्या विचारते, त्याला दवाखान्यात पाठवलं का? याशा हा तरुण नोकर उत्तर देतो की सकाळी सांगितलं होतं, नेलं असेल. ती दुसऱ्याला चौकशी करायला सांगते. स्वतः जाऊन पाहत नाही, नव्या आयुष्याला हाक देत निघून जाते. फिर्स कुलूपबंद घरात राहून जातो.

चेखव तिला दोष देत नाहीत. ती गोड आहे, प्रामाणिक आहे, आणि तिनं विचारलंही होतं. पण सवय अशी की विचारलं म्हणजे झालं, बाकीचं कुणीतरी पाहील. तुमच्या पात्रासाठी असाच एक प्रश्न शोधा जो ते विचारतं आणि ज्याच्या उत्तराची खात्री करून घेत नाही.

प्रश्न: नायक शेवटी बदललाच पाहिजे का?

मुळीच नाही. बर्नार्ड शॉ यांच्या 'विडोअर्स हाउसेस' (१८९२) मधला तरुण डॉक्टर ट्रेंच पाहा. होणारा सासरा झोपडपट्टीतल्या घरांच्या भाड्यावर श्रीमंत झालाय हे त्याला कळतं. तेही कसं, तर भाडं वसूल करणाऱ्या नोकराला मालकानं काढलं म्हणून, आणि काढलं कशासाठी, तर त्यानं मोडक्या जिन्याच्या दुरुस्तीवर थोडे पैसे खर्च केले. ट्रेंच संतापतो, सासऱ्याचा पैसा नको म्हणतो, माझ्या वर्षाच्या सातशे पौंडांवर आम्ही राहू म्हणतो. मग सासरा शांतपणे दाखवतो की ते सातशे पौंड याच घरांच्या गहाणखताचं व्याज आहे. ट्रेंच कोसळतो. शेवटी तो त्याच मंडळींच्या नव्या व्यवहारात सामील होतो.

हे परिणामकारक का होतं? त्याचा पहिला संताप खरा आहे. शॉ त्याला ढोंगी दाखवत नाहीत. अपयशाचं नाटक लिहिताना हेच सांभाळा: पात्राची उडी खरी हवी, आणि खाली ओढणारी दोरीही तितकीच खरी. ती दोरी पैशाची असेल तर रकमेसकट दाखवा. बदलायला त्याला काय सोडावं लागलं असतं हे प्रेक्षकाला कळलं नाही, तर त्याचं न बदलणं हा नुसता दुबळेपणा दिसतो.

प्रश्न: आपल्याकडच्या जुन्या नाटकांत असा नायक आहे का?

राजा हर्षाच्या नावावर असलेलं 'नागानंद' हे संस्कृत नाटक वाचा, सातव्या शतकातलं, पाच अंकी. विद्याधरांचा राजपुत्र जीमूतवाहन. पहिले तीन अंक प्रेमाचे आणि लग्नाचे. चौथ्यात तो समुद्राकाठी फिरताना पांढरा डोंगर पाहतो आणि कळतं की ही गरुडानं खाल्लेल्या नागांची हाडं आहेत. रोज एक नाग, ठरल्याप्रमाणे. त्या दिवशी पाळी आहे शंखचूडाची, सोबत त्याची रडणारी आई. त्याच्या जागी स्वतः बळी जायचं जीमूतवाहन ठरवतो. बळीची खूण म्हणजे लाल वस्त्रं. ती जीमूतवाहनाला मिळतात कशी, तर लग्नाच्या निमित्तानं सासरहून आलेला लाल कपड्यांचा जोड त्याच क्षणी हातात पडतो. लग्नातली भेट बळीचा वेष होते, आणि पहिल्या तीन अंकांचं सुख एका वस्तूत धरून चौथ्या अंकात खर्च होतं.

इथे नायक मुळातच उदार आहे, वाईटाचा चांगला होत नाही. त्यामुळे शीलासारखी शरम इथे नाही. तरी दोन अंकांना सांधणारी अशी वस्तू तुमच्या नाटकात असेल, तर मधलं बरंचसं समजावणं वाचतं.

आधुनिक मराठीत विजय तेंडुलकरांचं 'कन्यादान' (१९८३) आहे. समाजवादी नाथ देवळालीकर यांची मुलगी ज्योती दलित कवी अरुण आठवलेशी लग्न करते. मुलगी बापाच्या तत्त्वांवर वाढली, आणि त्या तत्त्वांची किंमत मात्र तिला एकटीला, स्वतःच्या शरीरानं मोजावी लागते. दलित पात्राच्या चित्रणावरून या नाटकावर कडक टीका झाली आहे. ती टीका समजून घेऊनच हे नाटक करायला घ्या.

प्रश्न: चाळीस मिनिटांच्या एकांकिकेत एवढं सगळं बसवायचं कसं?

टप्पे कमी करा, पण पहिली सुखाची दहा मिनिटं कापू नका. सगळे तिथेच कात्री लावतात आणि मग बदल कशापासून झाला हेच उरत नाही. साधारण दहाव्या मिनिटाच्या आत ती छोटी कृती उरकलेली असावी. विसाव्याच्या आसपास पुरावा. तिथून दहा मिनिटं नकार, शरम आणि कबुली, एकाच जागी, एकाच वेळेत, ब्लॅकआउट न घेता. 'ॲन इन्स्पेक्टर कॉल्स'चे तीनही अंक एकाच खोलीत सलग घडतात, अंक बदलला तरी घड्याळ पुढे सरकत नाही. हे तंत्र एकांकिकेसाठीच केल्यासारखं आहे. तिसाव्याच्या सुमाराला सुटकेची वाट उघडा: साक्षीदार फिरला, कागद सापडला नाही, भरपाई देऊन मिटलं. उरलेला वेळ ती वाट नाकारण्याचा. पात्रं पाचापेक्षा जास्त नकोत. त्यांतलं एक असं हवं जे सुटकेची वाट आनंदानं धरतं आणि तरीही आपल्याला आवडत राहतं. जेराल्डचं काम तेच आहे.

प्रश्न: शेवटी नायिकेचं दीड पानी भाषण आहे. टाळ्या मिळतात. दिग्दर्शक काढा म्हणतात. ठेवू की काढू?

काढा. टाळ्या बहुतेकदा मताला मिळतात, पात्राला नाही. तिथे पात्रानं काहीतरी करावं. शॉ यांच्या 'मेजर बार्बरा'मध्ये (१९०५) तोफा बनवणाऱ्या कारखानदाराची मुलगी सॅल्व्हेशन आर्मी या गरिबांसाठी काम करणाऱ्या ख्रिस्ती संस्थेत मेजर असते. दारूवाल्याचे आणि स्वतःच्या बापाचे पैसे संस्था घेते हे पाहिल्यावर ती आपल्या कॉलरवरचं संस्थेचं चिन्ह काढते आणि बापाच्या कॉलरला लावते. शॉ यांच्या पात्रांना बोलायचा कधी कंटाळा नसतो, पण तो क्षण त्यांनी हातांवर सोपवला.

तुमच्या नायिकेच्या हातात पहिल्या अंकापासून काय आहे ते शोधा: किल्ली, सही, फोन, अंगठी, बसायची जागा. तिनं ते द्यावं, परत करावं, किंवा घ्यायचं नाकारावं. तो प्रवेश तालमीत एकदा भाषण पूर्ण गाळून करा. करताना नटी कुठे अडते, कुठे तिला शब्द हवेसे वाटतात, तिथे संहितेत खूण करा. दोन-तीन जागा निघतील. दीड पानातली फक्त तेवढी वाक्यं उचलून त्या जागी ठेवा.